गरम पाण्याची लाइन तुटली तेव्हा

आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर मी घरांच्या हीटिंगचं काम करतो. रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारी उपकरणं, बसवायचे, व्हॉल्व्ह बदलायचे, फरशीखालच्या पाइपांची गळती शोधायची. ८ फेब्रुवारी २०२४ला पहाटे सहाच्या सुमारास ग्रिंदाविक गावाच्या उत्तरेला जमीन फाटली आणि लाव्हा वर आला. डिसेंबरपासूनचा हा तिसरा उद्रेक. या वेळी लाव्हा पश्चिमेकडे वाहिला आणि काही तासांतच स्वार्त्सेंगीच्या भूऔष्णिक केंद्राहून आमच्याकडे येणारी गरम पाण्याची मुख्य लाइन तोडून पुढे गेला. केप्लाविक, न्यार्दविक आणि आसपासच्या गावांतली २० हजारांहून जास्त माणसं त्या एका लाइनवर अवलंबून होती, आणि बाहेर पारा शून्याच्या बराच खाली.

स्वार्त्सेंगीचं केंद्र १९७६पासून हे काम करतंय. तिथे जमिनीतून येणारं पाणी सुमारे २४० अंशांचं असतं, पण ते खारट आणि सिलिकाने भरलेलं. थेट घराघरांत सोडलं तर पाइप चोंदून जातील. म्हणून त्याच्या उष्णतेवर गोडं पाणी तापवतात आणि तेच गावांना पाठवतात. त्याच वाफेवर वीजही होते. उरलेलं खारं पाणी बाजूच्या लाव्हाच्या खडकांत साचून जे निळं तळं झालं, ते बघायला जगभरातून पर्यटक येतात. त्यांतल्या फार थोड्यांना शेजारून जाणाऱ्या त्या पाइपाची किंमत माहीत असते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

'मग विजेचे हीटर लावा की', असं त्या दिवशी भारतातून फोन करणारे सगळे म्हणत होते. वीज होतीच. पण गावातल्या केबल आणि ट्रान्सफॉर्मर बसवले ते घरं गरम पाण्यावर तापणार हे धरून. प्रत्येक घराने दोन-तीन हीटर एकदम लावले असते तर आळीच्या आळी अंधारात गेली असती. त्यामुळे प्रत्येक घराने अगदी मोजकीच वीज वापरावी, असा निरोप आला. दुकानांतले हीटर मात्र बघता बघता संपले. शाळा आणि पोहण्याचे तलाव बंद झाले.

आम्हा फिटर लोकांना दिवसभर फोन. मी न्यार्दविकमधल्या एका आजींच्या घरी पोचलो तेव्हा गावाच्या टाकीतला गरम पाण्याचा साठाही संपत आला होता. परतीच्या पाइपावर हात ठेवला, जेमतेम कोमट. घर काँक्रीटचं, खिडक्या चांगल्या, त्यामुळे आतली ऊब लगेच जाणार नव्हती. मला काळजी होती अंगणाची. बर्फ वितळावा म्हणून घरातून निघालेलं पाणी तिथे फरशीखालून फिरवलेलं असतं, आणि या घरात ते साधंच पाणी होतं, त्यात अँटिफ्रीझ नव्हतं. वाहतं आहे तोवर ठीक. थांबलं की गोठणार, पाइप फुटणार आणि अख्खी फरशी उखडावी लागणार. मी दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, एका टोकाला कॉम्प्रेसर लावला आणि दुसऱ्या टोकातून फक्त हवा येईपर्यंत पाणी फुंकून काढलं. बोटं स्पॅनरला चिकटत होती. आजी शाल गुंडाळून दारात उभ्या. म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा घरात तेलाचा बॉयलर होता. कपड्यांनासुद्धा तेलाचा वास यायचा. तो परत नको रे." १९७३ला तेलाचे भाव भडकल्यावर या देशाने घरं जमिनीतल्या उष्णतेवर आणायचा धडाका लावला. आज दहातली नऊ घरं तिच्यावर तापतात. आजींच्या त्या एका वाक्यात तो काळ मला जितका कळला, तितका कुठल्या आलेखात कळला नव्हता.

लाव्हा येणार हे धरून एक पर्यायी पाइप आधीच जमिनीखाली टाकलेला होता. तो जोडला, पाणी सोडलं, आणि नव्या लाव्हाच्या खालीच कुठेतरी तो फुटला. मग गरम लाव्हावरच भराव टाकून त्यावरून नवी लाइन नेली. वेल्डर त्या लाव्हाच्या अंगावर रात्रंदिवस काम करत होते. त्यांच्याबद्दल लिहायला मला शब्द कमी पडतात. १२ फेब्रुवारीला पाणी आलं. आमचं काम तेव्हा खरं वाढलं: प्रत्येक घरात हवा अडकलेली. छोटी चावी घेऊन रेडिएटरमागून रेडिएटर हवा काढत फिरलो. आधी सुस्कारा, मग फुरफुर, मग गरम पाण्याची धार. आजींच्या स्वयंपाकघरातला रेडिएटर सगळ्यात शेवटी तापला.

माझं म्हणणं तेव्हापासून पक्कं आहे. वीज दुसऱ्या वाटेने फिरवून आणता येते, उष्णता तिच्या पाइपाशिवाय आणता येत नाही. म्हणून तिच्या पाइपाला जोडीदार हवा आणि संरक्षणही हवं. पुढे त्या लाइनचा धोक्यातला भाग जमिनीत पुरला. २० नोव्हेंबर २०२४च्या रात्री पुन्हा उद्रेक झाला आणि लाव्हा थेट त्या पुरलेल्या भागावरून वाहिला. मी घरातल्या प्रेशर गेजकडे बघत बसलो होतो. काटा हलला नाही.