रिओहा, रिबेरा आणि खानदेशचा मे महिना

‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची’ असं सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर युरोपातलं दगडी घर असतं. तिथली खोली 16 ते 18 अंशांची. भुसावळला मे महिन्यात पंखा फुल असला तरी खोली 36-38 वर असते. त्या खोलीतली 14.5 टक्के अल्कोहोलची वाइन ग्लासात ओतली की नाकाला आधी स्पिरिटचा भपका लागतो, फळाचा वास त्यामागे दबून जातो. मग ‘स्पॅनिश वाइन लई जड राहते’ असा शिक्का बसतो. निम्म्या वेळा त्यात दोष खोलीचा असतो.

म्हणून स्पॅनिश लाल वाइनच्या प्रकारांकडे वळण्याआधी थंड करण्याचं उरकू. बाटली आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. हलकी, ताजी वाइन असेल तर पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, भारी असेल तर पाऊण तास. पाहुणे अचानक आले तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर जाडं मीठ टाका, बाटली मानेपर्यंत बुडवा. 15-20 मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खोचली तर खड्यांमध्ये हवा राहते आणि वेळ जास्त लागतो. ग्लासात थोडी थोडीच ओता, कारण आपल्याकडे दहा मिनिटांत ती पुन्हा तापते.

साठवणीचा आकडा तर रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांना पाठच आहे. पिकण्याआधीची केळी 13-14 अंशांवर राखतात आणि वाइनचं तळघरही 12 ते 15 अंशांतच असतं. तशी सोय नसेल तर उन्हाळ्यात महागडी बाटली आणून माळ्यावर ठेवण्यात अर्थ नाही. तीस अंशांच्या वर काही आठवडे राहिली की ती आतल्या आत ‘शिजते’, म्हणजे ताज्या फळाऐवजी मुरंबा आणि मनुकांची चव येते. दुकानात बाटली घेताना बुचाकडे बघा. बूच वर उचललेलं दिसलं किंवा मानेला चिकट ओघळ असला तर ती बाटली उन्हात तापलेली असू शकते. शोकेसमध्ये उन्हाला उभी असलेली तर घेऊच नका.

आता द्राक्ष. स्पेनच्या लाल वाइनचा कणा म्हणजे टेम्प्रानियो. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर, आणि हे द्राक्ष लवकर पिकतं म्हणून हे नाव. भरताचं वांगं बामणोदचंच हवं, असा हट्ट धरणाऱ्यांना पुढची गोष्ट सहज पटेल: माती-हवा बदलली की तेच द्राक्ष वेगळं बोलतं. स्पेनच्या रिओहा भागात ते मवाळ, लाल चेरीच्या अंगाचं, त्यात चामडं-तंबाखूचा हलका वास. रिबेरा देल दुएरोत मळे साधारण 750 ते 900 मीटर उंचीवर आहेत. तिथे दिवस तापतात आणि रात्री गारठतात, त्यामुळे रंग गडद येतो आणि तुरटपणा घट्ट. तिथे त्याला तिंतो फिनो म्हणतात. तोरोत तेच तिंता दे तोरो होतं आणि आणखी दांडगं, जास्त अल्कोहोलचं बनतं. नाशिककडेही काही वायनरींनी टेम्प्रानियो लावलं आहे. शेजारी ठेवून चाखायला ते हाताशी आहे, पण रिओहाशी त्याची बरोबरी करत बसू नका.

रिओहाचं दुसरं अंग म्हणजे पीप. 225 लिटरच्या ओकच्या पिंपात वाइन किती महिने राहिली यावर लेबलावरचा शब्द ठरतो. क्रिआन्सा म्हणजे एकूण दोन वर्षं, त्यातलं किमान एक पिंपात. रेसेर्वा म्हणजे तीन वर्षं, त्यात किमान एक वर्ष पिंपात आणि सहा महिने बाटलीत. ग्रान रेसेर्वा म्हणजे पाच वर्षं, किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. मागच्या शिक्क्याचा रंग बघितला तरी पुरतं: क्रिआन्साला लाल, रेसेर्वाला गडद वाइनरंगी, ग्रान रेसेर्वाला निळा. हिरवा शिक्का म्हणजे यांपैकी काही नाही, पण म्हणून ती वाइन स्वस्तच असेल असं धरू नका. काही नामवंत उत्पादक मुद्दाम हिरव्यातच राहतात, म्हणजे किती दिवस पिंपात ठेवायची ते त्यांच्या हातात राहतं. अमेरिकन ओकचं पीप असेल तर व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास येतो. फ्रेंच ओक त्यापेक्षा शांत, मसाल्याकडे झुकणारं. पिंपाची आतली बाजू विस्तवावर भाजलेली असते, त्यातून धुराची छटा येते. कपाशीच्या काड्यांवर वांगं भाजणाऱ्याला हा वास ओळखायला शिकवणी लागत नाही.

माझं मत विचाराल तर पहिली बाटली ग्रान रेसेर्वा घेऊ नका. तिच्यात फळ मागे सरलेलं असतं, वाळलेली पानं आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास पुढे असतो. सवय नसेल तर पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

टेम्प्रानियो सोडून तीन नावं लक्षात ठेवा. कातालोनियातलं प्रियोरात म्हणजे काळ्या स्लेटच्या उतारावरची गार्नाचा आणि कारिन्येना ही द्राक्षं. पाणी कमी, पीक कमी, वाइन दाट, 15 टक्क्यांपर्यंत सहज जाणारी. वायव्येकडच्या बिएर्सोतलं मेन्सिया द्राक्ष याच्या अगदी उलट, सुगंधी आणि सडपातळ. आग्नेयेकडच्या हुमियात मोनास्त्रेल द्राक्ष. तिथला कोरडा, भाजणारा उन्हाळा आपल्यासारखाच, आणि वाइनही तशीच पिकलेली, काळ्या फळांची.

चाखायला सहा जण आणि तीन बाटल्या पुरतात. 750 मिलीच्या बाटलीतून 60 मिलीचे बारा घोट निघतात. सहा चाखण्यात गेले तरी निम्मी बाटली जेवणाला उरते. क्रम ठेवा: होवेन म्हणजे ताजी, मग क्रिआन्सा, मग रिबेरा. उलटा क्रम लावला तर पहिलीच्या तुरटपणाने जीभ आखडते आणि पुढचं काही कळत नाही. कच्चं केळ चावल्यावर तोंड जसं आवळतं, तेच टॅनिन. ग्लास तळाशी फुगीर, वर निमुळता, एक तृतीयांशच भरा. स्टीलचा पेला नको, वास कोंडत नाही. तोरो किंवा तरुण प्रियोरात तासभर आधी रुंद काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. जुन्या ग्रान रेसेर्वाचं मात्र तसं करू नका. तिला चोवीस तास उभी ठेवून गाळ खाली बसू द्या आणि हलक्या हाताने ओता.

जेवणात लोक हमखास चुकतात ते शेवभाजीपाशी. काळ्या मसाल्याचा जाळ आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, वर टॅनिन असलं तर तोंड कडू पडतं. तिथे 13.5 टक्क्यांच्या आतली होवेन किंवा मेन्सिया, 13-14 अंशांवर. मटणाच्या रश्शाला रिबेरा चालते, कारण चरबी आणि प्रथिनं टॅनिनला बांधून ठेवतात. तिखट मात्र बेताचंच हवं. कळण्याची भाकरी मध्ये असली तर आणखी बरं. भरीत आणि रिओहा क्रिआन्सा ही जोडी मला सर्वांत जुळलेली वाटते. त्यात लाल तिखट नसतं, आणि हिरव्या मिरचीचा हात थोडा आखडला की दोन्हीकडचा धूर एकमेकांना भेटतो. खापराच्या पुरणपोळीशेजारी यांतली एकही ठेवू नका. पुरणाच्या गोडीपुढे कोरडी वाइन आंबट आणि कडवट लागते.

बाटली उघडल्यावर भिजलेल्या गोणपाटासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष. हवा लावून जात नाही, बदलून मिळत असेल तर लगेच परत करा. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, जुनी ग्रान रेसेर्वा त्याच रात्री संपवा.

नंदुरबारकडच्यांसाठी एक वेगळं सांगायचं: पिण्याचा परवाना असला तरी तो महाराष्ट्रापुरता. सुरतेच्या लग्नाला जाताना बाटली डिकीत राहिली तर नवापूरच्या पुढे तोच माल गुन्हा ठरतो.