बुजवलेले खळगे

मॉडेलमधला पूर खऱ्या पुराच्या एक दिवस आधीच तळ्यात पोचत होता. स्वॅट या पाणलोटाच्या संगणक-मॉडेलमधून रोजचा प्रवाह आणि फॉस्फरस काढून आम्ही तो तळ्याच्या मॉडेलला देत होतो, त्यामुळे वरची चूक जशीच्या तशी खाली उतरायची. तळ्यातला फॉस्फरसही मोजणीपेक्षा जास्त येत होता.

आधी कर्व्ह नंबरला, म्हणजे पावसातलं किती पाणी जमिनीवरून वाहून जाईल ते ठरवणाऱ्या आकड्याला, हात घातला. 78चा 68 केला. 60 मिमी पावसात 78ला जवळपास 18 मिमी पाणी वाहून येतं, 68ला 8. पुराची उंची घटली, पण पूर आला त्याच दिवशी, आणि हंगामाचं एकूण पाणी कमी पडलं. वेळ चुकत असेल तर पाणी वाटेत कुठे थांबतंय ते आधी पाहायला हवं होतं.

मग उंचीचा नकाशा काढला. ओढ्यांचं जाळं आखण्याआधी सॉफ्टवेअर त्यातले सगळे खळगे बुजवतं, नाहीतर प्रवाह तिथेच अडकतो. बुजवलेल्या नकाशातून मूळ नकाशा वजा केल्यावर पडद्यावर ठिपकेच ठिपके उमटले. नकाशाच्या सुट्या एकेका चौकटीचे होते ते मोजणीचे दोष. पण सलग 210 चौकटींचा एक पट्टा उपग्रहचित्रात पावसानंतर कितीतरी दिवस ओला दिसत होता. अख्खी पाणथळ आम्ही पहिल्याच पायरीला बुजवून टाकली होती!

30 मीटरच्या चौकटीचे 900 चौरस मीटर, म्हणजे पट्टा 18.9 हेक्टरचा. खोली नकाशावरून घेतली नाही, त्यात मीटरभराची चूक सहज असते. पाण्यात उतरून मोजली, सरासरी 0.8 मीटर भरली. आकारमान 1,51,200 घनमीटर. स्वॅटला ते दहा हजार घनमीटरच्या पटीत लागतं: 15.1. तिथे पूर्ण आकडा टाकला तर पाणथळ सगळा पावसाळा गिळून बसते आणि प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. नेहमीच्या पातळीच्या वर चढलेलं पाणी स्वॅट रोज एक दशांश सोडतं. आम्हाला हवा होता तो उशीर इथेच होता.

कर्व्ह नंबर परत 78 केला. पूर वेळेवर आला. फॉस्फरसही उतरला, कारण मातीच्या कणांना चिकटलेला भाग पाणथळीत बसतो. पण तळाशी प्राणवायू संपला की लोहाला धरून असलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो, आणि हे स्वॅट आपणहून धरत नाही. त्या महिन्यांसाठी फॉस्फरस तळाशी बसण्याचा वेग ऋण द्यावा लागला, म्हणजे तो बसण्याऐवजी पाण्यात येतो असं धरावं लागलं.