केबीसी: हॉट सीटच्या अलीकडे

केबीसीचा, म्हणजे 'कौन बनेगा करोडपती'चा, खरा फोन आला तेव्हा मी तो कापला होता.

२०१९ सालची गोष्ट. दुपारची वेळ, मी कचेरीत आतल्या पानाचं प्रूफ वाचत होतो. पलीकडून हिंदीत "केबीसी से बोल रही हूँ" एवढं ऐकू आलं आणि मी म्हटलं, "बहनजी, दुसरा कोई देखो." फोन ठेवला. माझंही फार चुकलं नव्हतं. त्याच आठवड्यात व्हॉट्सॅपवर तिसऱ्यांदा ते चित्र आलं होतं: अमिताभ बच्चनचा फोटो, गोल शिक्का, तुमच्या नंबरला २५ लाखांची लॉटरी लागली आहे, अमुक मॅनेजरला फोन करा. मग 'प्रोसेसिंग फी' मागतात आणि लोक भरतात. पोलीस याबद्दल सारखे सावध करत असतात, तरी भरतात. केबीसीत लॉटरी नावाचा प्रकारच नाही आणि निवड होण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ती बाई चिकाटीची होती. अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला. या वेळी तिने पैशांचा विषयच काढला नाही, थेट सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायला घेतले. तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

थोडं मागे जातो. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी दहावीत होतो. मूळ कल्पना ब्रिटनमधली, तिथे तो १९९८ पासून चालू होता. आमच्या सांगलीच्या घरी रात्री नऊला जेवणाची ताटं टीव्हीसमोर यायला लागली ती तेव्हापासून. त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेंनी १ कोटी जिंकले. आडनाव मराठी, त्यामुळे आमच्या आळीतल्या प्रत्येक घरात 'आपल्याकडे एक हुशार मुलगा आहे' असा शोध एकाच रात्री लागला. आमच्या घरात तो मी. बाबा मला नोंदणीसाठी एसटीडी बूथवर घेऊन गेले. लाइन लागली नाही. पुढे २००७ मध्ये सूत्रसंचालनाला शाहरुख खान आला, २०१० मध्ये कार्यक्रम सोनीवर गेला, २०११ मध्ये बिहारच्या सुशील कुमारांनी ५ कोटी नेले. मी मध्येमध्ये एसएमएस पाठवत राहिलो आणि उत्तर आलं नाही की विसरून जात राहिलो.

या चाळणीचं पहिलं भोक हुशारीचं नाहीच, हे मला उशिरा कळलं. नोंदणीच्या दिवसांत रोज रात्री टीव्हीवर एक प्रश्न येतो. वय १८ च्या वर आणि भारतीय नागरिक, एवढीच अट. प्रश्न बहुधा सोपा असतो, निदान पेपर वाचणाऱ्याला. उत्तर बरोबर देणारे अफाट, म्हणून त्यांतून कॉम्प्युटर कुणाकुणाला उचलतो. म्हणजे बरोबर उत्तर देऊन तुमची चिठ्ठी फक्त डब्यात पडते. चिठ्ठी निघणं हे नशीब. माझी निघायला जवळजवळ वीस वर्षं लागली आणि निघाली तेव्हा मी फोन कापला.

फोनवरच्या फेरीनंतर ऑडिशन. तिथे लेखी परीक्षा, पर्यायांतून उत्तर निवडायची. ती मला अवघड गेली नाही. मुद्रितशोधकाच्या डोक्यात निरुपयोगी माहितीचा जो गाळ साठतो त्याचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला. अवघड गेलं ते पुढचं, कॅमेऱ्यासमोर स्वतःबद्दल बोलणं. तुम्ही कोण, पैसे मिळाले तर काय कराल, तुमच्याबद्दल असं काय आहे जे आम्हाला माहीत नाही. मी म्हटलं, "मैं दूसरों की गलतियाँ ढूँढ़ता हूँ." समोरची मुलगी हसली. बाकी माझी हिंदी सांगली स्टँडवरची, लिंग-वचनाचा पत्ता नसलेली. पण त्या हसण्यानेच मी पुढे सरकलो असं मला अजून वाटतं. यात गैर काही नाही. हा परीक्षेचा हॉल नाही, टीव्हीचा कार्यक्रम आहे. हॉट सीटवरचा, म्हणजे प्रत्यक्ष खेळणारा, माणूस वीस-पंचवीस मिनिटं लोकांनी बघायचा असतो. ज्याला सगळं येतं पण जो तोंड उघडत नाही तो बघवत नाही. हे ज्यांना पटत नाही ते ऑडिशनहून परतताना 'सगळं फिक्स असतं' म्हणतात. आमच्या परतीच्या एसटीत असे दोघे होते.

मुंबईचं बोलावणं आलं तेव्हा ताईला सांगितलं. सोबत एक माणूस नेता येतो. ताईने पहिला प्रश्न विचारला, "तुझं बोट चालतं का पण?"

तिने मर्म पकडलं होतं. फास्टेस्ट फिंगर फर्स्ट. तेव्हा दहा जण अर्धवर्तुळात बसायचे, चार गोष्टी दिसायच्या, त्या सांगितलेल्या क्रमाने लावायच्या. क्रम बरोबर असणाऱ्यांत ज्याचा वेळ सर्वांत कमी तो हॉट सीटवर. चार गोष्टींचे क्रम होतात २४, त्यामुळे ठोकताळा मारून काही साधत नाही. पण क्रम माहीत असूनही काही साधत नाही, हे ताईने मला स्वयंपाकघरात शिकवलं. तिने बाटल्यांची चार झाकणं ओट्यावर डिंकाने चिकटवली, वर मार्करने ए, बी, सी, डी लिहिलं. ती प्रश्न वाचायची, मी झाकणं दाबायचो, भाचा मोबाइलवर वेळ लावायचा. "पंतप्रधान झाले त्या क्रमाने. ए चरणसिंग, बी राजीव गांधी, सी इंदिरा गांधी, डी मोरारजी देसाई." सी, डी, ए, बी. मला हे झोपेत येतं. तरी पहिल्या दिवशी अकरा सेकंद लागले.

"अरे, तू पूर्ण वाचतोस आणि मग दाबतोस," ताई म्हणाली. "पहिलं सापडलं की बोट टाक. बाकीचं टाकता टाकता बघ."

माझा सगळा धंदाच पूर्ण वाचण्याचा. ती सवय मोडायला दोन आठवडे गेले. शेवटी सहा सेकंदांवर आलो. एक युक्ती उपयोगी पडली: पहिला आणि शेवटचा आधी ओळखायचा, मधल्या दोघांत मग एकच तुलना उरते. पण मधल्या दोघांत घोळ झाला की ही युक्तीच गळ्यात येते.

गोरेगावच्या फिल्मसिटीत सेट होता. टीव्हीवर तो अवाढव्य वाटतो. प्रत्यक्षात आत शिरल्यावर पहिलं जाणवतं ते गारठा आणि केबल. मोबाइल काढून घेतले. कागदांवर सह्या झाल्या, त्यांत कार्यक्रम दिसेपर्यंत निकाल कुणाला सांगायचा नाही हेही आलं. माझा बारीक रेघांचा शर्ट नापास झाला, कारण अशा रेघा कॅमेऱ्यात लहरताना दिसतात. ताईने पिशवीतून साधा निळा काढला. तिने तो आणलाय हे मला माहीतही नव्हतं. मग खुर्चीत बसून बटणांचा सराव. खरी बटणं झाकणांपेक्षा मऊ निघाली, आणि तिथेच माझ्या पोटात गोळा आला. दोन आठवडे मी जोर देऊन दाबायला शिकलो होतो.

आमच्या दहा जणांत आदल्या रात्री सर्वांत जास्त चर्चा झाली ती प्रश्नांची नव्हे, बक्षिसांच्या शिडीची. शिडी बघितली की हा खेळ काय आहे ते कळतं. त्या वर्षी पहिला प्रश्न १,००० चा, पाचवा १०,००० चा, दहावा ३,२०,००० चा, पंधरावा १ कोटीचा आणि त्यावर ७ कोटींचा एक. पाचवा आणि दहावा हे दोन टप्पे पक्के. ते ओलांडले की उत्तर चुकलं तरी तेवढे पैसे हातात राहतात. म्हणजे अकरावा प्रश्न फुकटचा. ३ लाख २० हजार खिशात आहेत, चुकलात तरी तेच, बरोबर आलं तर ६ लाख ४० हजार. तिथे खेळ सोडणाऱ्याइतका वेडा कोणी नाही. खरी परीक्षा त्यापुढे. घड्याळही तसंच: पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद, पुढच्या पाचांना ६०, नंतर वेळेचं बंधन नाही. सोप्या प्रश्नाला घाई आणि अवघड प्रश्नाला हवा तेवढा विचार. आधी मला हे उलटं वाटायचं. मग कळलं, माणूस विचार करताना दिसावा हाच तर कार्यक्रम आहे.

आमच्यातल्या एका गणिताच्या शिक्षकांनी हॉटेलच्या रुमालावर हिशोब मांडला. ५० लाखांवर असताना कोटीचा प्रश्न चुकला तर ३.२० लाखांवर खाली. मग उत्तराची खात्री किती हवी? साधारण ४८ टक्के. आता कोटीवर आहात आणि समोर ७ कोटींचा प्रश्न. तिथे १४ टक्के खात्रीसुद्धा हिशोबाला पुरते. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५ टक्के. म्हणजे गणित म्हणतं, काहीही येत नसलं तरी खेळा. आम्ही सगळे हसलो. त्यांना विचारलं, "सर, तुम्ही खेळाल?" ते म्हणाले, "घरी जाऊन काय सांगू?" त्याच पर्वात पुढे अमरावतीच्या बबिता ताडे, शाळेत महिना १,५०० रुपयांवर खिचडी शिजवणाऱ्या, १ कोटी जिंकल्या आणि ७ कोटींच्या प्रश्नावर थांबल्या. टीव्हीवर ते बघताना मला तो रुमाल आठवला.

लाइफलाइन, म्हणजे अडल्यावर घ्यायची मदत, तेव्हा चार होत्या: प्रेक्षकांचा कौल, ५०-५०, तज्ज्ञाचा सल्ला आणि प्रश्न बदलणं. माझं मत, प्रेक्षकांचा कौल लवकर वापरून टाकावा. रोजच्या जगण्यातल्या प्रश्नाला गर्दी खरी ठरते. इतिहासातली सनावळी विचारली की गर्दीही तुमच्यासारखीच अंदाज मारते. अर्थात हे मत द्यायला मला हॉट सीटवर कुणी बसवलं नाही.

तीन वेळा संधी आली. पहिल्या वेळी क्रमच चुकला, मधले दोन उलटे, युक्ती गळ्यात आली ती अशी. दुसऱ्या वेळी क्रम बरोबर, वेळ ५.९ सेकंद, पडद्यावर माझं नाव हिरवं झालं आणि त्याच पडद्यावर एका मुलीचं ४.३ सेकंद. ती उठून धावत गेली, मी टाळ्या वाजवल्या, खऱ्याच वाजवल्या. तिसऱ्या वेळी मऊ बटण नीट दाबलं गेलं नाही असं मला वाटलं म्हणून मी ते पुन्हा दाबायला गेलो. तेवढ्यात खेळ संपला. बटणात काही दोष नव्हता. बोट ओट्यावरच राहिलं होतं.

मधला काळ विचित्र असतो. समोरचा स्पर्धक चांगला खेळत असेल तर तुमची पुढची संधी लांबते, आणि हूटर वाजून दिवस संपला तर उद्या तोच खेळाडू पुढे चालू. त्यामुळे समोरच्याचं चुकावं असं मनात येतं, आणि त्याच क्षणी त्याची आई प्रेक्षकांत दिसते. गणिताचे सर ३ लाख २० हजार जिंकून परत आले तेव्हा मीच त्यांना कर सांगितला. अशा बक्षिसावर तेव्हा आयकराच्या ११५ बीबी कलमाखाली सरळ ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. कुठलीही सूट, वजावट नाही. म्हणजे ९९,८४० रुपये गेले. सर म्हणाले, "हे तुम्ही उद्या सांगितलं असतं तरी चाललं असतं."

ताई परतीच्या प्रवासात फार बोलली नाही. साताऱ्याला चहा घेताना म्हणाली, "पॉइंट नऊ तरी कमी करायला हवं होतं." एवढंच.

भाग लागला त्या रात्री आळीतली बारा-पंधरा माणसं आमच्याकडे. मी साधारण तीन सेकंद दिसलो, निळ्या शर्टात, टाळ्या वाजवताना. भाच्याने ते मोबाइलवर टिपून ठेवलंय. झाकणं ओट्यावरून निघाली, डिंकाचे चार गोल मात्र अजून आहेत. वहिनी त्यावरून मला रोज बोलते.

पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये नोंदणी सुरू झाली, मी केली ती अ‍ॅपवर. मी रोज रात्री उत्तर दिलं, सगळी बरोबर. महिन्याभराने अनोळखी नंबरवरून फोन आला, मी धावत उचलला. २५ लाख लागले होते. फी भरायची होती.