बोटीच्या उड्या: वजन, पिन आणि आता पाचर

सध्याची स्थिती आधी सांगतो. बोट ३.७ मीटरची, ॲल्युमिनियमची, मागच्या भागात तळ जवळजवळ सपाट. इंजिन १५ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक, हाताच्या टिलरचं, म्हणजे इंजिनालाच जोडलेल्या दांड्याने वळवायचं. ताशी २८ किलोमीटरच्या पुढे गेलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर-खाली आपटायला लागायची आणि थ्रॉटल सोडल्याशिवाय थांबायची नाही. आता एकटा असलो तरी पूर्ण थ्रॉटलवर, ताशी ३६ ला, ती शांत धावते. मधे काय काय करून पाहिलं ते लिहितो, कारण प्रत्येक उपायाने थोडाथोडा फरक पडला आणि तो कशामुळे पडला हे कळण्यातच खरी मजा होती.

आधी उडी कुठली ते ओळखावं लागतं. लाटांवर आपटणं वेगळं. तिथे दोष पाण्याचा आणि उपाय वेग कमी करण्याचा. डावी-उजवीकडे डुलणं वेगळं, ते चाइन वॉकिंग. माझ्या बोटीचा रोग तिसरा, पॉरपॉइझिंग, म्हणजे नाळेचं आपोआप वर-खाली उडणं. तो सुरू होतो सपाट पाण्यावर, हात स्थिर असताना, कुणी काही न करता. माझ्या बोटीत साधारण सेकंदाला एक हेलकावा, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा.

मोजमाप म्हणून एक युक्ती फार उपयोगी पडली. एक वेग धरायचा, मोठा वळसा घेऊन स्वतःच्याच बोटीने उठवलेली लाट काटकोनात ओलांडायची आणि नाळ किती वेळा मान हलवते ते बघायचं. दोन-तीनदा हलून गप्प झाली तर त्या वेगाला बोट निर्धास्त. सहा-सात हेलकावे घेतले तर ती काठावर आहे; आणखी थोडा वेग दिला की आपोआप उडायला लागणार. असं केल्याने उडी प्रत्यक्ष सुरू होण्याआधीच तिची चाहूल लागते आणि दोन बदलांची तुलना करता येते. नुसतं ‘आज बरी वाटली’ यावर विसंबलात तर वाऱ्याचा आणि टाकीतल्या पेट्रोलचा परिणाम तुमच्या बदलाच्या खात्यात जमा होतो.

आता कारण. बोट प्लेनिंगवर आली, म्हणजे वेगामुळे पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावायला लागली, की तिला उचलून धरतो तो पाण्याचा दाब, आणि हा दाब भिजलेल्या भागाच्या पुढच्या टोकाजवळ जास्त असतो. भरपूर वेगात दाबाचा मध्य ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या उभ्या फळीपासून, जिथे इंजिन टांगतात) भिजलेल्या लांबीच्या साधारण तीन-चतुर्थांश अंतरावर येतो. इंजिनाच्या रेट्याचा वाटा बाजूला ठेवला तर बोटीचा गुरुत्वमध्यही तिथेच असायला हवा, नाहीतर तोल बसत नाही. म्हणजे गुरुत्वमध्य ट्रान्समपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर जेमतेम १.२ मीटर तळ पाण्यात उरतो. एवढ्या आखूड टेकूवर बोट नाळ उंचावून धावते. नाळ जरा जास्त उचलली की भिजलेला भाग मागे सरतो, पुढचा आधार जातो, नाळ पडते, पडली की तळ एकदम जास्त भिजतो आणि पुन्हा वर फेकला जातो. हे चक्र स्वतःच स्वतःला पोसतं.

यावरचं काम जुनं आहे. डे आणि हाग या दोघांनी १९५२ मध्ये वेब इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या जहाजबांधणीच्या कॉलेजात बोटींच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून उडी कुठल्या कोनाला सुरू होते ते मोजलं, आणि डॅनियल सवित्स्की यांनी १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात ती मर्यादा आलेखाच्या रूपाने घेतली. आपल्यासारख्यांना त्यातून घ्यायच्या गोष्टी तीनच. वेग वाढेल तसा बोटीला परवडणारा ट्रिमचा, म्हणजे नाळ उंचावून धावण्याचा, कोन कमी होतो. वजन जास्त असेल तर तो कोन थोडा जास्त चालतो. आणि खोल व्ही तळापेक्षा सपाट तळ लवकर उडतो. एकटा असताना उडणारी बोट पुढे एक माणूस बसला की शहाण्यासारखी का वागते, हेही यातच आलं.

म्हणून पहिला उपाय वजनाचा, बिनखर्चाचा. माझा हिशोब असा: बोट ११० किलो, इंजिन ५०, मी ७५, भरलेली टाकी १५, नांगर-साखळी आणि किरकोळ सामान २०, एकूण २७०. टाकी पायाजवळून काढून दोन मीटर पुढे नेली, तर १५ गुणिले २, भागिले २७०, गुरुत्वमध्य ११ सेंटिमीटर पुढे. मी अर्धा मीटर पुढे बसलो तर १४. दोन्ही मिळून २५ सेंटिमीटर, म्हणजे भिजणारी लांबी साधारण ३३ सेंटिमीटरने वाढली. अर्धा मीटर पुढे बसायचं तर टिलरला लांब दांडा जोडावा लागतो. तो जोडला, पण एक ताकीद: दांड्याचा सांधा ढिला असेल तर वेगात हात आणि इंजिन यांचं भांडण सुरू होतं. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला अडकवलेली हवीच. उडणाऱ्या बोटीतून माणूस बाहेर पडणं अजिबात अवघड नाही.

पेट्रोलची नळी लांब करताना ती पायाखाली येणार नाही अशी कडेने नेली. तळाला साचलेलं पाणीही काढून टाका. ते नाळ उचलली की मागे धावतं आणि नेमक्या नको त्या क्षणी पिछाडी जड करतं.

या सगळ्याने उडी २८ वरून ३१ वर गेली. सुधारणा खरी, पण सुटका नाही.

मग ट्रिमची पिन. छोट्या इंजिनांना बटणावर चालणारा ट्रिम नसतो. ब्रॅकेटमध्ये भोकं असतात आणि पिन ज्या भोकात तिथे इंजिनाचा पाय टेकतो. पिन ट्रान्समच्या जवळ आणली की पाय आत जातो, पंख्याचा (प्रोपेलरचा) रेटा पिछाडीला किंचित वर ढकलतो आणि नाळ खाली बसते. एक भोक आत घेतल्यावर उडी ३३ च्या पुढे गेली. सर्वात आतल्या भोकात ती पूर्ण थांबली, पण बोट नाळेने पाणी नांगरायला लागली: तोंडावर फवारा, टिलर एका बाजूला ओढणारा, आणि कमाल वेग ३२. रोग गेला, पण रोगीही अंथरुणाला खिळला! इंजिनाची उंची मी हलवली नाही. अँटी-व्हेंटिलेशन प्लेट, म्हणजे पंख्याच्या वरची आडवी पट्टी, जी पंख्याला वरून हवा ओढू देत नाही, ती तळाच्या रेषेपेक्षा १० मिलिमीटर वर होती, तिथे तक्रारीला जागा नव्हती.

इथे मला शंका आली. सुमारे ताशी ३५ ची बोट, पुढे सरकवलेलं वजन, इंजिन एक भोक आत, तरी ती काठावरच? बोट उलटी करून लाकडी घोड्यांवर ठेवली आणि दीड मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी तळावर, ट्रान्समपासून पुढे, पठाणाला (तळाच्या मधल्या कण्याला) समांतर धरली. दोन्ही बाजूंना, आत, मधे आणि कडेला. सगळीकडे तेच दिसलं: शेवटच्या ४० सेंटिमीटरमध्ये तळ पट्टीपासून दूर जात होता आणि ट्रान्समच्या कडेला ६ मिलिमीटरची फट होती. म्हणजे बोट सुलटी असताना तळ शेवटी वर वळलेला, रॉकर. जेमतेम एक अंशही नाही, डोळ्याला तर दिसतच नाही. पण वेगातलं पाणी अशा बाकावरून जाताना तिथला दाब उतरतो, पिछाडी खाली खेचली जाते आणि नाळ वर. उलट बाक, म्हणजे तळ शेवटी खाली वळलेला असेल तर त्याला हुक म्हणतात, आणि तो नाळ दाबतो. उडणारी बोट घेऊन कुणी पंखे बदलत बसला असेल, तर त्याने आधी पट्टी धरावी असं माझं ठाम मत आहे.

वाकलेला पत्रा ठोकून सरळ करायचा विचार लगेच सोडला. त्याऐवजी तळाखाली, ट्रान्समला लागून दोन्ही बाजूंना पाचरी बसवल्या, म्हणजे पाणी खाली वळून पिछाडी उचलली जाते. सागाच्या, प्रत्येकी २२ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर लांब, पुढे शून्य आणि ट्रान्समच्या कडेला १० मिलिमीटर जाड. कोन चार अंशांच्या थोडा आत. इपॉक्सीचे हात देऊन पॉलीयुरेथेन सीलंटने चिकटवल्या, रंग खरवडून उघड्या धातूवर. पाण्याखाली स्क्रू मारले नाहीत: एक तर तळाला भोक, आणि खाऱ्या पाण्यात स्टीलच्या स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. एचडीपीई प्लास्टिकचा मोह टाळा, त्याला काहीही धड चिकटत नाही. पाचर पंख्याच्या थेट पुढे येऊ देऊ नका, पंख्याला ढवळलेलं पाणी मिळून तो हवा ओढतो. मी मधली जागा मोकळी सोडली आहे. आणि दोन्ही पाचरी एकसारख्या हव्यात, नाहीतर बोट एका कुशीवर धावते.

१० मिलिमीटर जास्त झाले. उडी संपली, पण पिन कुठल्याही भोकात असली तरी नाळ दबलेली, वेग ३३. रंधा मारून ७ वर आणल्या, म्हणजे कोन अडीच अंशांच्या थोडा वर. आता पिन पुन्हा मूळच्या भोकात आहे, लाट ओलांडताना नाळ दोनदा हलून थांबते, आणि सुरुवातीला प्लेनिंगवर यायलाही कमी वेळ लागतो.

इंजिनाच्या त्याच प्लेटवर बसवायच्या हायड्रोफॉइलबद्दल, म्हणजे पाण्यात पिछाडी उचलणाऱ्या पंखासारख्या पातीबद्दल, बरेच जण विचारतात. तो चालतो, अनेक बोटींवर चांगला चालतो. पण माझी प्लेट वेगात जवळपास पाण्याच्या पृष्ठभागावर येते, तिथे फॉइलला धरायला पाणी कमी; शिवाय प्लेटला भोकं पाडायची आणि सगळा भार इंजिनाच्या ब्रॅकेटवर घ्यायचा. तळाचा दोष तळावरच दुरुस्त केलेला बरा.

पाचरींची किंमत मोजावी लागते ती मागून येणाऱ्या लाटेत. उतारावर नाळ पुढच्या लाटेत खुपसते आणि बोट आडवी व्हायला बघते. तेव्हा वेग लाटेच्या बेताचा ठेवायचा, किनाऱ्यावरून निघण्यापूर्वीच पिन एक भोक बाहेर घ्यायची आणि टाकी मधल्या फळीपर्यंत मागे आणायची. टाकीसाठी म्हणून दोन ठिकाणी पट्टे लावून घेतले आहेत, पुढे एक आणि मधे एक.