आईने ओळखलेलं पिवळं फूल

यलोस्टोनचे तीन दिवस गर्दीत आणि पार्किंग शोधण्यातच गेले. लिहायचंय ते त्याच्याजवळच्या ग्रँड टीटन या अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानातल्या एका सकाळबद्दल.

जून अर्धा सरला होता. समोर 3,600 मीटरच्या वर गेलेली बर्फाची शिखरं आणि पायथ्याशी सेजब्रशच्या राखाडी झुडपांमधून पिवळ्याधमक फुलांचे ताटवे. फोनवरचं अ‍ॅप म्हणालं, सूर्यफूल. मीही आईला तेच सांगितलं. लातूरकडच्या आमच्या शेतात आईने कित्येक वर्षं सूर्यफूल पेरलंय, खुरपलंय, बडवलंय. ती पायवाटेच्या कडेला उकिडवी बसली.

"सूर्यफूल नव्हं गं हे. त्याला शेंड्यापर्यंत पानं असतात. ह्याचा दांडा बघ, उघडाच. पानं सगळी बुडातून आलीत."

मग तिने एका पानावरून हलकंच बोट फिरवलं. बाणाच्या टोकासारखं, लांब देठाचं पान, वर रुपेरी लव. बुडाशी गेल्या वर्षीची पानं वाळून कागदासारखी झाली होती. "हे दरसाल पेरायचं नाही. खाली मुळी जित्ती असणार."

मुळी होतीच. हे अ‍ॅरोलीफ बालसमरूट, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतलंच, सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याचं सोटमूळ अडीच मीटरपर्यंत खोल जातं आणि बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला काही वर्षं जातात. इथले मूळ रहिवासी त्याच्या बिया आणि मुळं खात आले आहेत.

हे वाचून दाखवत होते तेवढ्यात चार जण फोटोसाठी थेट ताटव्यात शिरून बसले. कासला सोनकीत लोळणारे पाहिले तेव्हा झाला होता तसाच संताप झाला. इतकी वर्षं जमिनीखाली तयारी करणाऱ्या झाडावर कुणी बसावं? मी जाऊन त्यांना उठायला सांगितलं. उठले, पण तोंड वाकडं करून. आई मोडलेले दांडे बघत राहिली.

पन्नासेक पावलांवर ती पुन्हा थांबली. तसंच पिवळं फूल. मला फरक दिसेना.

"हे निराळं. पान तुकतुकीत आहे, लव नाही. आणि दांड्यालाही पानं आहेत, बघ कशी बिलगलीत."

संध्याकाळी मुक्कामी रानफुलांचं पुस्तक चाळलं. दुसऱ्याचं नाव म्यूल्स इअर्स, म्हणजे खेचराचे कान. आईला सांगितलं, तर तिने चष्मा लावून चित्रातलं पान बघितलं आणि म्हणाली, "हां, हेच."