नागरिकत्वाचा अर्ज: पार्ल्याच्या त्या 14 महिन्यांनी जीव काढला

काल कलेक्टर ऑफिसला फाईल एकदाची गेली, पाय अजून दुखतायत, तरी विसरायच्या आत लिहितोय. बायको जन्माने मॉरिशसची, पणजोबा रत्नागिरीचे. मी भारतीय म्हणून आमचा अर्ज रजिस्ट्रेशनचा, नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 खाली. त्यात अर्जाच्या आधीचे 12 महिने सलग भारतात आणि त्याच्या आधीच्या 8 वर्षांत किमान 6 वर्षं. कलम 6, म्हणजे नॅचरलायझेशनवाल्यांना (दीर्घ वास्तव्यावर नागरिकत्व मागणाऱ्यांना) सलग 12 महिने आणि त्याआधीच्या 14 वर्षांत 11. आकडे वेगळे, भारतात राहिल्याच्या पुराव्यासाठीची धावपळ तीच.

फॉर्म, फोटो, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं हे सगळं होऊन जातं, त्यावर बोलत नाही.

एजंटने 30 हजार सांगितले, 8 हजार आधी घेतले आणि म्हणाला पासपोर्टवर शिक्के आहेत ना, मग झालं. साफ खोटं. शिक्का फक्त आल्या-गेल्याची तारीख सांगतो, मधे तुम्ही कुठल्या घरात राहत होतात ते नाही. आणि दिवस मोजायला तर त्याने सांगितलंच नाही. मार्च 2020 ला विमानं बंद झाली तेव्हा ही मॉरिशसला, पोर्ट लुईत, सात महिने तिथेच अडकली. मग नंतर सासऱ्यांच्या आजारपणात तीन आठवडे जाऊन आली. सलग 12 महिन्यांत खास कारण असेल तर केंद्र सरकार जास्तीत जास्त 30 दिवस माफ करू शकतं, 2015 च्या दुरुस्तीपासून, पण ते त्यांच्या मर्जीवर. आम्ही धोका नाही पत्करला, ती परत आल्यावर पूर्ण वर्ष थांबलो. एजंटला पैसे देऊ नका, एका संध्याकाळी जुने-नवे सगळे पासपोर्ट घेऊन बसा आणि एक्सेलमध्ये तारखा भरा.

आता पार्लं, जिथे आम्ही 14 महिने भाड्याने राहिलो. बाकी सगळ्या घरांची लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, रजिस्टर होती, एकाची कॉपी हरवली होती तर आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी विभागाच्या, साइटवर ई-सर्चला इंडेक्स टू, म्हणजे कराराच्या नोंदीचा उतारा, मिळाला. पार्ल्याचं ॲग्रीमेंट नुसतं नोटरीचं. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, हे तेव्हा माहीत असतं तर मी तिथे पायच ठेवला नसता. परदेशी माणूस घरात ठेवला की तेव्हा भरावा लागायचा तो फॉर्म सी पण त्याने भरला नव्हता. तीन वेळा गेलो, तिसरा मजला, लिफ्ट नाही, तिसऱ्या वेळी त्याने दाराची साखळी सुद्धा काढली नाही, आतूनच म्हणाला मी काही लिहून देणार नाही. आणि पार्ल्याला गेल्यावर आम्ही बायकोच्या भारतात राहायच्या परमिटवर पत्ता बदलून घेतला नव्हता, ही चूक आमची, तुम्ही करू नका, घर बदललं की लगेच कळवा.

वाचवलं सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी. रविवारी अकरा ते बाराच ऑफिस उघडतात. काकांनी कपाटातून बाइंडर काढला, त्यात आमच्या भाडेकरू पडताळणीची पिवळी पडलेली झेरॉक्स, टाचणी गंजून कागदाला चिकटलेली, खाली पोलीस स्टेशनचा शिक्का आणि तारीख. शिवाय त्या 14 महिन्यांच्या मालकाच्या बिलात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावलेले, म्हणजे फ्लॅट भाड्याने होता हे सोसायटीच्याच हिशोबात. तिथल्या तिथे लेटरहेडवर पत्र लिहून दिलं, एक पैसा घेतला नाही. मालकाच्या दारात उभे राहू नका, सरळ सोसायटीत जा. हे माझं ठाम मत.

बाकी 2018 नंतरची परमिटं ई-एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ऑनलाइन पोर्टलची, ईमेलमध्ये जुन्या पीडीएफ शोधा. बँक स्टेटमेंट वर्षवार लावा, म्हणजे मुंबईतलेच खर्च दिसतात. उपनगरवाल्यांचं कलेक्टर ऑफिस बांद्रा पूर्वेला, शहरवाल्यांचं फोर्टला ओल्ड कस्टम हाऊसमध्ये, उलटं गेलात तर दिवस गेला.

काल टेबलावर मॅडमनी पहिलं पार्ल्याचंच पान काढलं. पत्र वाचलं, पडताळणीवरचा शिक्का उजेडात धरून पाहिला आणि पुढचं पान उलटलं. बायकोने खाली माझा हात घट्ट धरला होता.