भिंगरी रोव्हर: रुतवणारं चाक सापडलं!

भिंगरी म्हणजे मंगळावरच्या रोव्हरसारखी मी घरी बनवलेली सहाचाकी गाडी. तिचं मागच्या वेळचंच रडगाणं. पंधरा अंशांचा उतार, भिंगरी निम्म्यात पोचते, उजवं मधलं चाक उकरायला लागतं आणि पोट वाळूला टेकतं. तीन रविवार यात गेले.

आधी संशय वाळूवर. वर्तकनगरच्या पावसाळ्यात गच्चीवर कोरडं काय राहणार? सगळी क्रश सँड आईच्या जुन्या कढईत भाजून काढली. (सेक्रेटरी काकांना वाटतंय, मी भडभुंज्याचा धंदा काढलाय.) फरक शून्य. मग चाकांचे दात उंच करून पुन्हा प्रिंट केले, तर आणखी खोल रुतली. दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या डिफरन्शियलच्या दांडीतली ढिलाई काढली. तरी तेच.

शेवटी गाडी डब्यावर अधांतरी ठेवली, प्रत्येक चाकाला टेपची झेंडी लावली आणि मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये फेरे मोजले. त्याच पीडब्ल्यूएमवर (म्हणजे मोटारींना तेवढीच वीज देऊन) पाच चाकं मिनिटाला ५८ ते ६०, आणि हे महाशय ७१! सहाही एन-२० (छोट्या गिअरवाल्या) मोटारी 'एकाच लॉटच्या' म्हणून घेतल्या होत्या. आता दुकानातच फिरवून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही. फरशीवर जास्तीचा वेग गुपचूप घसरून जातो, वाळूत तोच खड्डा खणतो.

कोडमध्ये त्या मोटारीला ०.८३ ने गुणलं. रात्री पावणेअकराला भिंगरी उतार चढून वर! दोनदा. तिसऱ्यांदा नुसतं बघायला म्हणून.

अठरा अंशांना मात्र पुन्हा फसली. भार बदलला की मोटारींचे वेगही बदलतात, ठरलेला गुणक किती पुरणार? म्हणून एन्कोडरवाल्या (स्वतःचे फेरे मोजणाऱ्या) मोटारी मागवणार होतो, पण हे लिहिता लिहिता नासाची मंगळावरची क्युरिऑसिटी रोव्हर आठवली. खडकांनी तिची चाकं फाटत होती, म्हणून २०१७ मध्ये पृथ्वीवरून नवा प्रोग्राम पाठवला. सस्पेन्शनच्या कोनांवरून तो प्रत्येक चाकाचा वेग जागच्या जागी जुळवतो. मंगळापर्यंत संदेश जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, माणूस 'थांब' म्हणेपर्यंत चाक पुरलेलं असायचं. २००९ मध्ये नासाचा मंगळावरचाच स्पिरिट रोव्हर मऊ वाळूत रुतला, तो काही केल्या निघालाच नाही.

तर एन्कोडर रद्द. रॉकर आणि बोगीच्या (चाकं धरणाऱ्या हलत्या दांड्यांच्या) खिळींवर कोन मोजायला चार पोटेन्शिओमीटर (फिरवले की रोध बदलणारे पॉट) बसवतो, आणि चाचणीत माझ्या कमांडला दहा मिनिटांचा उशीर लावतो. जुन्या टेपरेकॉर्डरचे व्हॉल्यूम पॉट चालणार नाहीत, ते बहुतेक लॉगवाले असतात, म्हणजे फिरवण्याच्या सम प्रमाणात त्यांचा रोध बदलत नाही. १० के (किलो-ओहम) लिनियर, म्हणजे सम प्रमाणात बदलणारे, कुणाकडे पडून असतील तर सांगा, ठाण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.